निर्दोष ठरण्याची किंमत

आकर्ष खुराना यांचा ‘रश्मी रॉकेट’ हा हिंदी चित्रपट २०२१ साली आला, तेव्हा मी तो समाधानाने पाहिला होता. परवा पुन्हा पाहिला आणि ते समाधान टिकलं नाही.

कच्छमधली धावपटू रश्मी (तापसी पन्नू) जिंकू लागते आणि तिला न सांगता तिची लिंगचाचणी केली जाते. टेस्टोस्टेरॉन जास्त आढळल्याने ती संघाबाहेर जाते आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात दाद मागते. मुलींच्या हॉस्टेलमध्ये ‘मुलगा’ शिरला म्हणून पोलीस तिला धरून नेतात, तो प्रसंग आजही अंगावर येतो. आपल्याकडे दहा वर्षांच्या पोरीला ‘मुलासारखी धावते’ म्हटलं तर ते कौतुक असतं. विशीत तोच आरोप होतो. हे या चित्रपटाला नेमकं कळलं आहे.

पण सुटका कशी होते ते पाहा. रश्मीला लष्करातला प्रेमळ नवरा आहे, खटल्याच्या काळात तिला दिवस जातात आणि शेवटी ती गरोदरपणी धावते. प्रेक्षकाला हायसं वाटतं: बाईच होती की! गरोदर बाईने धावण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुराव्याला. नियम चूक होता, हे वकील सांगतो. पण आपली खात्री पटते ती तिच्या कुशीमुळे. वर संघटनेतल्या पदाधिकाऱ्याचा कट उघड होतो, म्हणजे दोष एका खलनायकावर ढकलून नियम अलगद सुटतो.

ज्या द्युती चंदच्या लढ्याची आठवण हा चित्रपट करून देतो, तिचं वास्तव अधिक धीट आहे. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी ती संघाबाहेर गेली. जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला, कारण अशा संप्रेरकामुळे नेमका किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा जागतिक संघटना देऊ शकली नव्हती. सिद्ध करण्याचं ओझं नियम करणाऱ्यांवर पडलं. पुढे २०१९ मध्ये आपलं एका तरुणीवर प्रेम असल्याचं द्युतीने जाहीरपणे सांगितलं. शरीरातली संप्रेरकं आणि मनाची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी; त्यांच्याकडे संशयाने पाहणारी नजर मात्र एकच. चित्रपट द्युतीचं चरित्र नाही, हे मान्य. तरी तिच्या जाहीर कबुलीनंतर दोन वर्षांनी आलेल्या या कथेत नायिकेला नवरा आणि मूल देऊन निर्धास्त करावं, हा योगायोग मला निरागस वाटत नाही.

२००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत शांती सौंदराजनने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि चाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. रश्मीच्या सुटकेची वाट तिच्या काय कामाची?

आमच्यासारखी असल्याचं सिद्ध कर, मग ये, असं म्हणणारा संघ सर्वांचा होत नाही. मला पाहायचा होता तो प्रसंग साधा आहे: सरावानंतरची संध्याकाळ, हॉस्टेलची खोली, चौघीजणी आपापल्या माणसांना फोन लावताहेत. त्यांतली एक आपल्या मैत्रिणीशी बोलते आहे. आवाज खाली न आणता.