‘तहत’ : खाली की ऐवजी?

झुडपात शिंगे अडकलेला एडका अब्राहामाने पुत्राच्या ‘तहत’ अर्पिला (उत्पत्ती २२:१३). या हिब्रू शब्दयोगी अव्ययाचा मूळ अर्थ ‘खाली’. आळंदच्या बाजूस सेवा करणाऱ्या उपदेशकास ते परके वाटणार नाही. तिकडे मराठी-कानडीबरोबर उर्दूही कानी पडते, आणि ‘कानून के तहत’ यातील अरबी शब्द हिब्रू अव्ययाचे सख्खे भावंड आहे. मात्र या नात्यावर उपदेश उभारू नये. ‘एडका पापभाराखाली गेला’ हा अर्थ कानास गोड लागतो. वाक्यात तो नाही. शब्दाच्या मुळातून सिद्धांत उपसण्याच्या सवयीवर जेम्स बार यांनी १९६१ सालीच कठोर टीका केली होती.

अर्थ सरकला कसा, ते निर्गम १६:२९ मध्ये दिसते. शब्बाथ दिवशी प्रत्येकाने आपल्या ‘तहत’ राहावे, म्हणजे पायाखालची जागा सोडू नये. त्या जागेवरूनच पुढे ‘एखाद्याच्या जागी’ हा अर्थ आला. आपल्या मराठी ‘जागी’चेही तसेच आहे. डोळ्याबद्दल डोळा (निर्गम २१:२४) येथे हेच अव्यय आहे, आणि हाबेलाच्या जागी शेथ मिळाला (उत्पत्ती ४:२५) तेथेही हेच. तेव्हा अव्यय केवळ एकाच्या जागी दुसरे आले एवढेच सांगते. ती शिक्षा की देणगी, हे वाक्याने ठरते. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात तर ‘तहत’ फक्त बाराव्या वचनात, आणि तेही ‘कारण’ या अर्थाने येते. सेवक आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला, तेथे ‘मिन’ हे निराळे अव्यय आहे. प्रायश्चित्ताचा सगळा सिद्धांत एडक्याच्या एका अव्ययावर टांगणाऱ्यांनी हे पाहावे.

दुवा मात्र खरा आहे. ग्रीक भाषांतरकारांनी एडक्याच्या वचनात ‘अंती’ हे अव्यय घातले, आणि मार्क १०:४५ मधील पुष्कळांसाठी दिलेल्या खंडणीपुढेही तेच उभे आहे.

तरीही पाळकांनी आरंभ एडक्यापासून न करता यहूदापासून करावा, असे माझे मत आहे. एडक्यास कोणी विचारले नव्हते. योसेफास विकण्याची मसलत देणारा यहूदा मात्र बन्यामिनाच्या ‘तहत’ दास होण्यास आपण होऊन पुढे आला (उत्पत्ती ४४:३३), आणि योसेफाचा बांध फुटला. त्याच्याशेजारी दावीद वाचावा. अबशालोमाच्या ‘तहत’ आपणच मेलो असतो तर, हा त्याचा आक्रोश (२ शमुवेल १८:३३). तेथे जागा बदलून मिळाली नाही.