औषधाविना चिंतामुक्ती : एका पत्रकाचे वाचन

मुलुंडच्या एका शिक्षिकेने गेल्या महिन्यात आमच्या हातात एक छापील पत्रक ठेवले. त्यांच्या दहावीच्या वर्गातील एका मुलीला परीक्षेच्या नुसत्या विचाराने धडधडते, झोप लागत नाही. तिच्या वडिलांना हे पत्रक अंधेरी स्थानकाबाहेर मिळाले होते आणि त्यांनी बाईंनाच विचारले, 'हिला न्यावे का?' पत्रकात ठळक अक्षरांत तीन गोष्टी होत्या : चुंबकीय लहरींनी मेंदूवर उपचार, औषधाविना चिंतामुक्ती आणि दुष्परिणाम शून्य. या तिन्ही विधानांची किंमत सारखी नाही.

पहिल्यात तथ्य आहे. दहावीच्या पुस्तकातील फॅरेडेचा प्रयोग आठवा. वेटोळ्याजवळ चुंबक स्थिर धरला तर गॅल्व्हानोमीटरचा काटा ढिम्म राहतो. चुंबक हलवला की काटाही हलतो. वीज निर्माण होते ती बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हेच तत्त्व माणसाच्या डोक्यावर वापरले. डोक्याला टेकवलेल्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडतात. चुंबकीय क्षेत्र सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागात दीड-दोन टेस्लापर्यंत चढते. कवटी त्याला अडवत नाही, आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मेंदूत क्षीण वीज प्रवर्तित होऊन चेतापेशी उद्दीपित होतात. हाताच्या हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या भागावर वेटोळे धरले, तर अंगठा आपोआप उडतो. बाजारात मिळणारे चुंबकीय पट्टे आणि कडी यांचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांतला चुंबक स्थिर असतो.

पण अंगठा उडणे वेगळे आणि आजार बरा होणे वेगळे. इथेच पत्रक भौतिकशास्त्राची पत उसनी घेते.

१७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची चौकशी झाली. समितीत फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. एका मुलाला सांगितले, की बागेतले एक झाड भारलेले आहे. त्याला डोळे बांधून झाडांपाशी फिरवले, तेव्हा तो मूर्च्छित पडला. पण भलत्याच झाडापाशी! तेव्हापासून अशा उपचारांना हा प्रश्न लागू आहे : रोग्याला ठाऊक नसतानाही गुण येतो का? म्हणून चाचणीत काही रुग्णांना खोटे वेटोळे लावतात. तेही टकटक आवाज करते, पण मेंदूपर्यंत काही पोहोचत नाही. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, नैराश्याच्या १९० रुग्णांवरील अशा चाचणीत खऱ्या वेटोळ्याने सुमारे १४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, खोट्याने ५ टक्के. फरक खरा, पण माफक.

आणि तो नैराश्यातला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये मंत्रचळासाठी परवानगी दिली. २०२१ मध्ये चिंतेचा उल्लेख आला, पण नैराश्य असलेल्या प्रौढांमधील चिंतेच्या लक्षणांपुरता. निव्वळ चिंताविकारासाठी अशी मान्यता नाही. त्यावरचे प्रयोग छोटे आहेत. २०२४ मध्ये १५ ते २१ वयोगटासाठी परवानगी मिळाली तीही नैराश्यासाठी, आणि जोडउपचार म्हणून. म्हणजे चालू उपचाराबरोबर, त्याऐवजी नव्हे. 'औषधाविना' हा शब्द वाचून कोणी चालू गोळ्या परस्पर थांबवल्या, तर होणाऱ्या त्रासाला जबाबदार कोण?

दुष्परिणामही शून्य नाहीत. डोकेदुखी आणि टाळूवर दुखणे नेहमीचे. क्वचित आकडी येते. डोक्यात धातूचा तुकडा किंवा कॉक्लियर रोपण असेल तर हा उपचार करत नाहीत. शिवाय नेहमीच्या पद्धतीत आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. दहावीच्या मुलीने मुलुंडहून अंधेरीला रोज खेपा घालायच्या, हा खर्च पत्रकात कोण मोजतो? (रोज कोणीतरी आस्थेने चौकशी करते, त्यानेही थोडे बरे वाटते, पण ते श्रेय वेटोळ्याचे नव्हे.)

मौज अशी, की चिंतेवर औषधाविना उपचार आहेतच आणि त्यांचा पुरावा अधिक भक्कम आहे. विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसोपचारांत यंत्र लागत नाही. त्यांपैकी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्याच कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. तिची पत्रके मात्र स्थानकाबाहेर कोणी वाटत नाही.

बाईंना आम्ही सुचवले, की वडिलांनी आधी मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊन निदान करून घ्यावे. तोवर २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येते. आणि त्या दवाखान्यात जायचेच ठरले, तर एवढे विचारावे : मुलीचे निदान काय, आणि त्या निदानासाठी, त्या वयात, खोट्या वेटोळ्याशी तुलना केलेली कोणती चाचणी तुम्ही दाखवाल? पत्रक बाईंनी परत नेले. फॅरेडेचा धडा शिकवताना ते वर्गात वाचून दाखवणार आहेत.