‘उत्पीडन’मधला ‘उत्’ : पीटर टॉश ऐकताना

‘उत्पीडन’ या शब्दातला ‘उत्’ मला आजवर कधी खटकला नव्हता. उत्कर्ष, उत्थान, उत्तुंग यांतला तोच हा वर नेणारा उपसर्ग. माणसाला खाली दाबण्याच्या क्रियेला तो कसा चिकटला, हा प्रश्न मला संस्कृतच्या तासाला पडला नाही. तो पीटर टॉशच्या ‘डाउनप्रेसर मॅन’चे मराठी करायला बसले तेव्हा पडला. जमैकातल्या रास्ताफारी बोलीने इंग्रजी ‘ऑप्रेस’मध्ये ‘अप्’ ऐकला आणि दाबणारा माणूस वर कसा दाबील, असा रास्त आक्षेप घेत तिथे ‘डाउन’ बसवले. टॉशला तर शब्दांची अशी हाडे मोडून पुन्हा बसवण्याचे वेडच होते. ‘पॉलिटिक्स’मध्ये त्याने ‘ट्रिक्स’ घुसवल्या, ‘सिस्टिम’चे जे केले ते इथे छापता येणार नाही. मराठीत पंचाईत अशी की आपली ‘दडपशाही’ आधीच खाली दाबते. दुरुस्त करायला काही उरत नाही, म्हणून चिमटाही उरत नाही. ‘अधःपीडन’ करून पाहिले. त्याला पाठ्यपुस्तकाचा वास येऊ लागला.

हे गाणे मुळात टॉशचे नाहीच. ‘सिनर मॅन’ हे जुने आध्यात्मिक गीत. त्यातल्या पाप्याला विचारले जाते की निवाड्याच्या दिवशी पळून कुठे जाशील? वेलर्सनी ते १९६६ च्या सुमारास गायले होते. पुढे टॉशने चाल ठेवली, प्रश्न ठेवले आणि फक्त आरोपी बदलला. खासगी पापाच्या जागी सत्ता उभी केली. १९७७ च्या ‘ईक्वल राइट्स’वर ते ऐकताना जाणवते की धमकी नवी नाही, जुनीच धमकी आता योग्य पत्त्यावर गेली आहे. आपल्याकडच्या जलशांनीही लोकांच्या ओठांवरच्या चालींत नवे शब्द भरले. पण हे साम्य मी इथेच थांबवते, पुढे ताणले की दोघांवरही अन्याय होतो.

टॉशबद्दल लिहिताना ‘त्याने रेगेत ब्लूज आणि रॉक मिसळले’ असे एक वाक्य हमखास येते. जणू वरणात तूप घातले. मला हे वाक्य पटत नाही. ब्लूज त्या घरात आधीपासून होते. १९५० च्या दशकात न्यू ऑर्लिन्स आणि मायामीची रेडिओ केंद्रे जमैकात ऐकू येत. किंग्स्टनच्या गल्ल्यांतल्या साउंड सिस्टिमवर अमेरिकी ऱ्हिदम अँड ब्लूज वाजे. त्यातूनच स्का, मग रॉकस्टेडी, मग रेगे आले. वाटेत बदलला तो वजनाचा हिशेब. रेगेच्या सर्वांत ओळखीच्या ठेक्यात, ज्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात, चारांतला पहिला ठोका ड्रमवर रिकामा सोडतात. जोर पडतो तिसऱ्यावर आणि गिटारची चाप दुसऱ्या-चौथ्यावर. रूपक ऐकणाऱ्याला हे परके वाटू नये, तिथेही समेवरच खाली असते. ब्लूजची गिटार, तार ताणून स्वर वाकवणारी, या रिकाम्या जागेत शिरते तेव्हा पाहुणी म्हणून येत नाही. माहेरी येते.

पण येण्याच्या रीती दोन आहेत, आणि अनुवादकाला त्या दोन्ही ओळखीच्या असतात.

पहिली ‘कॅच अ फायर’ची. १९७३ च्या या वेलर्सच्या तबकडीचे मूळ ध्वनिमुद्रण जमैकात झाले. निर्माता ख्रिस ब्लॅकवेलने ते लंडनमध्ये वाढवून घेतले. अलाबामाच्या मसल शोल्सहून आलेल्या वेन पर्किन्स या गोऱ्या वादकाने तयार गाण्यांवर गिटार चढवली, जेणेकरून रॉक ऐकणाऱ्याला दार उघडे मिळावे. २००१ मध्ये मूळ जमैकी आवृत्तीही प्रसिद्ध झाली आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येऊ लागल्या. मी कित्येकदा ऐकल्या. ‘काँक्रीट जंगल’वरचा पर्किन्सचा तुकडा सुंदर आहे, तो नको म्हणायची माझी छाती नाही. तरीही तो भाष्यासारखा वाटतो. संहिता पूर्ण झाल्यावर, दूरच्या वाचकासाठी, वरून लिहिलेला. माझ्या एका कथा-अनुवादात संपादकांनी ‘वेस’ या शब्दापुढे परस्पर तीन ओळींचा खुलासा घातला होता. खुलासा बरोबर होता. कथेतली बाई मात्र ती वेस ओलांडायला तीन ओळी उशिरा पोचली.

दुसरी रीत डॉनल्ड किन्सीची. हा इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादनगरीचा. वडील ‘बिग डॅडी’ किन्सी स्वतः ब्लूज गायचे, आणि मुलगा आल्बर्ट किंगच्या साथीला वाजवून आलेला. १९७६ च्या ‘लीगलाइझ इट’वर टॉशने त्याला सोबत घेतले. किन्सी गाण्यावर वाजवत नाही, गाण्यात वाजवतो. टॉशचा आवाज जाडसर, कोरडा, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. त्या बसण्यानंतरच्या फटीत किन्सीची तार वाकते आणि गप्प होते. खाली टॉशची स्वतःची गिटार वा-वा पेडलवर खरवडत असते. तोही वादक म्हणून साधा नव्हता, मार्लीच्या हाती गिटार देणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. कोणी कोणाला समजावून सांगत नाही. त्याच वर्षी ३ डिसेंबरला मार्लीच्या घरात बंदूकधारी शिरले, तेव्हा किन्सी तिथेच होता. लंडनच्या स्टुडिओत बसून गिटार चढवणे आणि शेजारी राहणे यांत एवढा फरक पडतो.

बाजारासाठी म्हणून टॉशवर ठेवला जाणारा ठपका मला १९७८ च्या ‘डोन्ट लुक बॅक’पाशी तपासावासा वाटतो. मिक जॅगरबरोबरचे हे द्वंद्वगीत, तबकडी रोलिंग स्टोन्सच्या कंपनीची, म्हणजे पुरावा हातात असल्यासारखेच. पण टेम्प्टेशन्सचे हे गाणे टॉशने वेलर्सबरोबर साठच्या दशकातच गायले होते. जॅगर त्याला अमेरिकी गाण्याकडे घेऊन गेला नाही. टॉशच्या जुन्या गाण्यात जॅगर आला. गाणे म्हणून ते मला जरा गुळगुळीत वाटते, हा भाग वेगळा.

आणि मग १९८३ चे ‘जॉनी बी. गुड’. चक बेरीने १९५८ मध्ये हे गाणे आणले तेव्हा त्यातला मुलगा लुइझियानाचा होता, आणि ‘खेडवळ’ होता. बेरीने पुढे सांगितले की त्याने आधी ‘काळा’ लिहिले होते, रेडिओवर वाजावे म्हणून बदलले. म्हणजे रॉकचे हे आद्य गाणे स्वतःच एक सावध भाषांतर आहे. टॉशने मुलाला उचलून जमैकात मँडव्हिलजवळच्या डोंगरावर नेले. ‘खेडवळ’ तसाच ठेवला. आता त्या शब्दामागे लपवायचे काही नव्हते, जमैकातल्या खेड्यातला मुलगा काळाच असणार. बेरीची धावती गाडी इथे चालीवर येते, आणि किन्सीची गिटार बेरीच्या प्रसिद्ध सुरुवातीची नक्कल करण्याच्या मोहात पडत नाही. ध्वनिमुद्रणावर ऐंशीच्या दशकाची लकाकी आहे, ती मला आवडत नाही. तरी एक शब्दही न बदलता जागा बदलून शब्द मोकळा करणे मला अजून साधलेले नाही.

‘डाउनप्रेसर’साठी माझ्या मसुद्यात सध्या ‘दडप्या’ आहे. गावात कुणाला तरी ठेवलेल्या नावासारखा. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढले आहे आणि शेजारी ‘उत्पीडक?’ असे सुचवले आहे. मी अजून उत्तर पाठवलेले नाही.