फुकट पुस्तकाची ताकद

न्यूझीलंडमध्ये शाळेत गेला असाल, तर 'स्कूल जर्नल' तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी बालभारतीचं 'किशोर' डोळ्यांसमोर आणा. जर्नल १९०७ पासून सरकारी खर्चाने निघतं आणि शाळांना फुकट मिळतं.

सुरुवातीचे अंक ब्रिटिश साम्राज्याच्या कौतुकाने भरलेले असायचे. १९३९ मध्ये शिक्षण खात्याने 'स्कूल पब्लिकेशन्स' ही स्वतःची प्रकाशन शाखा काढली आणि इथल्या मुलांसाठी इथलेच लेखक-चित्रकार लिहू-काढू लागले. रीटा अँगसने चित्रं काढली. कवी जेम्स के. बॅक्स्टर तर तिथे नोकरीलाच होता. मार्गारेट माहीची 'अ लायन इन द मेडो' ही गोष्ट जर्नलमध्ये १९६५ मध्ये आली, तिचं पुस्तक झालं १९६९ मध्ये. म्हणजे बाजाराच्या आधी सरकारने तिला वाचक मिळवून दिले. हे मोठंच काम आहे.

पण नुसतं कौतुक करून थांबलो, तर गोष्ट अर्धीच राहते. १९६४ मध्ये याच शाखेने 'वॉशडे ॲट द पा' ही पुस्तिका शाळांना पाठवली. छायाचित्रं आणि मजकूर ॲन्स वेस्ट्राचा, विषय गावाकडच्या एका माओरी कुटुंबाचा एक दिवस: जुनाट घर, हसरी मुलं. माओरी विमेन्स वेल्फेअर लीगने हरकत घेतली: सगळे माओरी असेच राहतात, असं मुलांना वाटेल. शिक्षणमंत्र्यांनी प्रती परत मागवल्या, त्या नष्ट केल्या गेल्या. त्याच वर्षी ख्राइस्टचर्चच्या कॅक्स्टन प्रेसने पुस्तिका पुन्हा छापली.

याला नुसती सेन्सॉरशिप म्हणून मोकळं होता येत नाही. वेस्ट्राच्या छायाचित्रांत माया आहे, हे मान्य. पण दुकानातलं पुस्तक पटलं नाही तर आपण घेत नाही. सरकारी पुस्तक वर्गात येतंच. वर्गातली एकुलती एक माओरी मुलगी ते पान बघणार, आणि बाकीचे तिच्याकडे. मात्र प्रती नष्ट करणं हाही त्याच ताकदीचा वापर होता. लीगचं म्हणणं छपाईआधी ऐकलं असतं, शेजारी माओरी लेखकाचं दुसरं पुस्तक ठेवलं असतं, तर मुलांना वाद घालायला तरी मिळाला असता.

पुढे या शाखेची 'लर्निंग मीडिया' ही सरकारी कंपनी झाली. २०१३ मध्ये, पैशांचं गणित जमेना म्हणून सरकारने ती बंद केली. जर्नल आता कंत्राटावर निघतं. पण सामोअन किंवा टोंगन भाषेतलं वाचनाचं पुस्तक नफ्यात येणार तरी कसं? वाचणारी मुलंच थोडी. म्हणून तर ते सरकारने छापायचं असतं.

बालभारतीची पीडीएफ परदेशातल्या आपल्या घरांतही उघडली जाते. तुम्ही उघडाल तेव्हा धडे मोजण्याआधी चित्रं बघा. त्यात कुणाचं घर आहे, आणि त्या घरातलं मूल वर्गात हे पान उघडताना मान वर ठेवू शकेल का? सरकारी प्रकाशकाची परीक्षा मला तरी तिथे घ्यावीशी वाटते.