सर्जनशीलतेचा तास कोणासाठी?

'विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव' हे शब्द प्रत्येक हायस्कूलच्या स्नेहसंमेलनातील अहवालात असतात. निबंधस्पर्धा, वक्तृत्व, हस्तलिखित, विज्ञानप्रदर्शन या अभ्यासेतर उपक्रमांतून हा वाव मिळतो, असे आपण धरून चालतो. तो कोणाला मिळतो आणि कोणत्या अटीवर, हे मात्र विचारत नाही.

निबंधाचेच पाहा. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय वरवर निरुपद्रवी आहे. पण ज्याच्या घरी पावसाळा म्हणजे गळके छप्पर आणि बुडालेली मजुरी, त्या मुलाने तोच पावसाळा लिहिला तर परीक्षकाला केवळ अशुद्ध भाषा दिसते. मग मूलही शहाणे होते. न पाहिलेला मोर नाचवते आणि बक्षीस मिळवते. याला सर्जन म्हणायचे की अनुकरणाचे शिक्षण?

१८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली. मांग-महारांचे दुःख हा तिचा विषय. वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता, असे तिने विचारले. छपराविना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल मांडले. आपले जगणे लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, हा विश्वास असल्याशिवाय असे लिहून होत नाही. तो विश्वास देणे हेच शाळेचे काम.

आज साधने वाढली आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने निवडलेल्या शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले. २०२० चे शैक्षणिक धोरण अभ्यास आणि अभ्यासेतर यांत भिंत नको म्हणते. स्वागतच आहे. पण शाळा सुटल्यावर भरणारा वर्ग पाणी भरणाऱ्या, भावंडे सांभाळणाऱ्या मुलीसाठी भरतच नाही. आणि टोपली विणणाऱ्या हाताचे कसब घरी 'जातीचा धंदा' आणि शाळेत 'हस्तकला' ठरते, ती भिंत कोणते धोरण पाडणार? जातीचा धंदा पोरांच्या माथी पुन्हा मारा, असे मुळीच म्हणणे नाही. त्या हातामागची बुद्धी ओळखा, एवढेच.

शिक्षकमित्रांनी तीन गोष्टी कराव्यात. सर्जनाचा तास वेळापत्रकात घ्यावा. विषय मुलांना निवडू द्यावा. आणि वहीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याआधी वहीतला माणूस वाचावा.