जिम रीव्ह्ज, वसई शाखा

संगीतावर टीका करणाऱ्याला निदान पेटीवर बोटं फिरवता यावीत, अशी एक समजूत आहे. मला फक्त नोटांवर बोटं फिरवता येतात. पण नोट हातात आली की ती अस्सल की नकली, हे मला ठरवावं लागतं, आणि टीकाकार तरी याहून वेगळं काय करतो? तेव्हा बी.कॉम.च्या जोरावर आज एका तबकडीचा ताळेबंद मांडतो.

तबकडीचं नाव 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस'. गायक जिम रीव्ह्ज, कंपनी आरसीए व्हिक्टर, साल १९६३. आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या या 'कंट्री' गायकाचा आमच्या वसईशी काय संबंध? त्यासाठी डिसेंबरात संध्याकाळी पापडीहून नंदाखालकडे एक चक्कर मारा. केळीच्या वाडीपलीकडल्या एखाद्या ओटीवरून, चांदणीच्या कंदिलाखालून, एक भरदार पुरुषी आवाज ऐकू येईल. तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडीही गेली. हल्ली तो मोबाइलला जोडलेल्या डब्यातून येतो. आवाज मात्र तोच.

'कंट्री' म्हणजे त्यांच्याकडचं खेडवळ गाणं. त्यात फिडल हवं, स्टील गिटार हवी, आवाज थोडा नाकातून यायला हवा. रीव्ह्ज जन्मला १९२३ साली टेक्ससच्या पॅनोला परगण्यात, म्हणजे खेड्यातला दाखला अगदी पक्का. आधी बेसबॉलचा गोलंदाज व्हायला निघाला. दुखापत झाली, म्हणून रेडिओवर निवेदक झाला. निवेदकाची शिस्त गळ्यात राहिली: प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. १९५७च्या 'फोर वॉल्स'पासून तो माइकला जवळजवळ ओठ लावून हळू गाऊ लागला. निर्माता चेट अ‍ॅटकिन्स. त्यानं फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनचा ताफा आणि मागे गुणगुणणारी मंडळी आणली. या प्रकाराला 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. हा साउंड म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं तेव्हा अ‍ॅटकिन्सनं खिशातली नाणी खुळखुळवून दाखवली, असं सांगतात. आमच्या धंद्यातला माणूस!

यावर जुन्या कंट्रीवाल्यांनी तक्रार केली ती ठरलेलीच: हे अस्सल नव्हे, गावरान गाण्याला शहरी कोट चढवलाय.

आता ताळेबंद. नावे बाजूला 'मेरी ख्रिसमस पोल्का'. हा नाच आहे, आणि रीव्ह्ज तो असा गातो, की सहलीला आलेले मॅनेजर टाय न सोडता लेझीम खेळताहेत असं वाटतं. 'सी-एच-आर-आय-एस-टी-एम-ए-एस'मध्ये आई मुलाला नाताळचा अर्थ स्पेलिंगसकट शिकवते. हेतू उत्तम, पण दुसऱ्यांदा ऐकताना वर्गात बसल्यासारखं होतं.

जमा बाजू भक्कम आहे. 'अ‍ॅन ओल्ड ख्रिसमस कार्ड'मध्ये एक माणूस जुनं कार्ड हातात घेऊन आठवत बसतो. इथे गळा काढायची सोय होती, पण रीव्ह्ज काढत नाही; शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलावं तसा गातो. 'सायलेंट नाइट'मध्ये तर तो आवाज इतका खाली आणतो, की ऐकणाराही हळू बोलायला लागतो.

आणि 'व्हाइट ख्रिसमस'! वसईत बर्फ कुठला? गोठ्याच्या देखाव्यावर आम्ही कापूस पसरतो. पण गंमत ऐका: हे गाणं रचणारा अर्व्हिंग बर्लिन ज्यू. त्याच्या मूळ गाण्यात आरंभी एक कडवं होतं. त्यात माणूस बसलाय कॅलिफोर्नियाच्या उन्हात, ताडामाडांखाली, आणि बर्फाची आठवण काढतोय. बहुतेक गायक ते कडवं गाळतात. पूर्व टेक्ससमध्येही बर्फ क्वचितच पडतो. म्हणजे ज्यांच्या दारात बर्फ नाही त्यांचंच हे गाणं. त्यावर आमच्या नारळांचा हक्क जरा जास्तच आहे.

आमच्या शाखेत यावरून एकदा जुंपली. एकजण म्हणाले, "अहो, तुम्ही मराठी माणसं ना? मग नाताळात हे इंग्रजी कशाला?" वाडी सांभाळून नोकरी करणारे दुसरे सहकारी शांतपणे म्हणाले, "साहेब, प्रार्थना मराठीत, भांडण कादोडीत आणि पगाराची चिठ्ठी इंग्रजीत. तिथे तुमची तक्रार नाही, मग गाण्यानंच काय घोडं मारलंय?"

काउंटर क्षणभर बंद पडला. ज्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' मराठीत दिलं आणि २०२० साली उस्मानाबादचं साहित्य संमेलन अध्यक्ष म्हणून गाजवलं, त्या वसईकराला मराठीपणाचा दाखला अजून काउंटरवर मागितला जातो. रीव्ह्जलाही तोच प्रश्न होता: तू खरा गावचा का? कोट घातलास की गाव सुटलं, असं विचारणाऱ्याला वाटतं. विरार लोकलमध्ये कोट घालून चढणारा आणि घरी परतल्यावर पानवेलीला पाणी घालणारा माणूस त्यानं पाहिलेला नसतो. त्या माणसाला रीव्ह्ज पहिल्या ओळीतच कळला. त्याला कोटही ओळखीचा होता आणि कोटाआडचं गावही.

३१ जुलै १९६४ रोजी स्वतःचं विमान चालवताना नॅशव्हिलजवळ अपघात होऊन रीव्ह्ज गेला. वय अवघं चाळीस. नंतरही त्याची गाणी निघत राहिली. १९६६ साली 'डिस्टंट ड्रम्स' इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या नंबरावर होतं. खातेदार गेला तरी व्याज जमा होतंय, असं उदाहरण आमच्या नियमांच्या पुस्तकात नाही.

तेव्हा नोट अस्सल आहे, असा माझा शेरा. तपासणीसांना शंका असल्यास त्यांनी पंचवीस डिसेंबरला वसईत यावं. मात्र ओटीवर बसल्यावर वाइन आणि केक नाकारू नये, आणि 'सायलेंट नाइट' चालू असताना हिशोब विचारू नये.