तोटी कुठं लागते

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जोर्वे संस्कृतीची भांडी मांडली आहेत. त्यांतल्या तोटीच्या भांड्यापाशी मी दर वेळी थांबते. फाकलेलं तोंड, त्याखाली आवळलेली मान, मग उतरता खांदा, पोटाला चहूबाजूंनी आलेला ठसठशीत कंगोरा, कंगोऱ्याखाली एकदम आत वळून गोल झालेला तळ. आणि खांद्यातून तिरकी वर निघालेली लांब नळी. रंग नारिंगीकडे झुकणारा लाल, त्यावर काळ्या रेघा. वय सुमारे तीन हजार वर्षं. पुरातत्त्वाच्या हिशेबात जोर्वे संस्कृतीचा ऐन काळ इसवी सनापूर्वी १४०० ते १०००.

मी नाशकाजवळ एकलहऱ्याला राहते, वीजकेंद्राच्या धुराड्यांच्या सावलीत. कुंभाराच्या चाकावर बसायला लागले त्याला काही वर्षं झाली. सुरुवातीला स्फूर्ती शोधायला जपानी आणि कोरियन भांड्यांची चित्रं चाळत असे. मग कळलं की आपल्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशकातल्या मातीच्या गढीत, १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं होतं. त्याच मोहिमेत प्रवरेकाठी संगमनेरजवळच्या जोर्वे गावीही खोदकाम झालं. दोन्ही ठिकाणांचा एकत्र अहवाल १९५५ साली आला. गढीच्या अगदी खालच्या थरात रंगवलेली खापरं निघाली आणि त्या मृत्पात्रांना जोर्वे गावाचं नाव मिळालं. म्हणजे मी ज्या नदीचा गाळ मळते, तिच्याच काठी हे कसब नांदत होतं. तेव्हापासून या एका भांड्यावरून मी चाकावरचं काम शिकते आहे. चांगलं भांडं आपल्या घडणीची सगळी हकीकत अंगावर वागवतं. नेमकं कुठं पाहायचं ते मात्र हात चिखलात घातल्याशिवाय कळत नाही.

आधी माती. जोर्वेच्या चांगल्या भांड्यांचं खापर फुटल्या जागी पाहिलं तर त्यात खडा नाही, भुस्सा नाही. माती इतकी एकजीव की बोटानं टिचकी मारली तर काशाच्या वाटीसारखी खणखणते. आपला गोदावरीचा गाळ तसाच्या तसा घेतला तर हे होत नाही. त्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, काळ्या मातीचा चिवटपणा असतो, वाळताना ती आक्रसते आणि भेगाळते. म्हणून आपला कुंभार तिच्यात घोड्याची लीद घालतो, राख घालतो. जोर्वेच्या कुंभारानं दुसरी वाट धरली. त्यानं माती पाण्यात कालवून निवळत ठेवली असणार. जाडसर कण तळाशी बसले की वरचं दाट पाणी वेगळं काढायचं आणि त्याचा साका आटवायचा. एका भांड्यापुरती अशी माती मिळवायला मला आठवडा लागला. घमेलंभर गाळातून हाती दोन मुठी येतात. भांड्याच्या अंगाची मृदुता ही त्या आठवड्याची आहे. रूप घडायच्या कितीतरी आधी या कुंभारानं आपली निवड करून टाकली होती.

आता कंगोरा. लांबून तो शोभेचा वाटतो. चाकावर बसलं की कळतं, तो एक थांबा आहे. ओल्या मातीची भिंत बाहेर फाकत नेली आणि तिथंच एकदम आत वळवली, तर वरच्या खांद्याच्या वजनानं पोट बसतं. माझी पहिली तीन भांडी अशीच बसली. चौथ्या वेळी मी खालचा भाग घडवून थांबले, तो जरा आवळू दिला आणि मग खांदा उचलला. जिथं थांबले होते तिथं आपोआप कड उमटली. जोर्वेच्या कुंभारानं नेमका हाच क्रम पाळला होता असा माझा दावा नाही. पण त्याच्या कडेत मला मातीचं म्हणणं ऐकून घेतलेला हात दिसतो. अडचणीची जागा लपवायची की मिरवायची, हा प्रश्न प्रत्येक कारागिरापुढे येतो. यानं ती मिरवली. ओल्या बोटानं पुसून गोलाई देणं सोपं होतं, तरी त्यानं कड आणखी धारदार केली आणि तिच्यावर सगळं भांडं तोललं. खाली जमिनीकडे जाणारा जडपणा, वर तोंडाकडे जाणारी उसळी, आणि दोन्हींच्या मध्ये ती एक रेघ. धातूची भांडी घडवताना अशी कड सहज येते. तांबं त्या लोकांच्या वापरात होतं, जोर्वेलाच तांब्याच्या कुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्यामुळे धातूचा ठोक कुंभाराच्या डोळ्यांत असेल, असं मला वाटतं. पण डोळ्यांतलं रूप मातीत उतरवताना त्यानं ते मातीच्या नियमांनी उतरवलं.

तोटीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. तोटी वेगळी घडते, भांडं वेगळं घडतं. दोन्ही धड ओली नाहीत, धड सुकी नाहीत अशा वेळी खांद्याला भोक पाडायचं, दोन्ही कडा ओरखडायच्या, चिखल लावून जोडायच्या. वेळ चुकली की संपलं. तोटी जास्त ओली आणि खांदा सुकत आलेला असेल, तर ती नंतर जास्त आक्रसते आणि जोडावर केसाएवढी चीर जाते. ती तेव्हा दिसत नाही, भट्टीतून भांडं बाहेर आलं की दिसते. माझ्या तोट्या अशाच गेल्या. आता मी जोडलेलं भांडं ओल्या फडक्यात दोन दिवस गुंडाळून ठेवते, म्हणजे दोघांचा ओलावा एक होतो. संग्रहालयातलं भांडं पाहताना मला आधी तो ओलावा दिसतो. त्या माणसानं किती वेळ वाट पाहिली असेल, सावलीत कुठं ठेवलं असेल, वारा कुठून येत असेल, हे सगळं त्या न चिरलेल्या जोडात आहे.

तोटी कुठं लागते आणि तिचं टोक कुठवर चढतं, यावर भांड्याचं सगळं वागणं ठरतं. तिचं टोक काठाच्या खाली राहिलं, तर भांडं काठोकाठ भरताच येत नाही, टोकाच्या पातळीला पोचलेलं पाणी तोटीतून वाहू लागतं. म्हणजे भांड्यात किती मावणार हे पोट ठरवत नाही, तोटीचं टोक ठरवतं. फार वर चढवली, तर धार पडायला भांडं इतकं कलवावं लागतं की तोंडातूनच सांडतं. या दोन चुकांच्या मधली जागा अरुंद आहे आणि जोर्वेची तोटी त्या जागेत बसते. बाजूनं पाहा. तोटीची तिरकी रेघ मनातल्या मनात मागं वाढवली, तर ती भांड्याच्या पोटात शिरते, वरवर चिकटवल्यासारखी कुठंतरी बाहेर सुटत नाही. पक्ष्याची मान धडातून निघते तशी ती निघते. उपयोग आणि डौल एकाच कोनात सापडलेले आहेत. तो कोन काही पहिल्या भांड्यावर सापडला नसणार, त्याच्यामागे पिढ्यांची सांडलवंड आहे.

सांकलियांनी नर्मदेकाठच्या नावडातोलीच्या तोटीच्या भांड्यांचं नातं थेट इराणमधल्या भांड्यांशी जोडून पाहिलं होतं. तो वाद विद्वानांचा. मला त्यातून एवढंच भावतं की तोटी ही कल्पना दूरवर फिरणारी आहे. आपल्याकडे ती झारीत आली, केटलीत आली. दर ठिकाणी कुणीतरी नव्यानं ठरवलं की ती कुठं लावायची.

नक्षीबद्दल थोडंच सांगते, कारण ती पहिल्या नजरेतच बोलून जाते. आडव्या पट्ट्या, तिरप्या रेघांच्या ओळी, जाळी भरलेल्या चौकटी. जोर्वे मृत्पात्रांवरची ही नक्षी बहुतेक भांड्याच्या वरच्या भागात असते, खालचं अंग मोकळं. आपण संग्रहालयात उभं राहून भांड्याकडे समोरून पाहतो आणि चुकतो. ते जमिनीवर ठेवलेलं असायचं, माणसं भोवती जमिनीवरच बसायची. तसं बसून वरून पाहिलं की खांदा पूर्ण उलगडतो आणि कंगोऱ्याखालचं काहीच दिसत नाही. चित्रकारानं दिसेल तेवढंच रंगवलं. मी काचेच्या कपाटापुढे एकदा जमेल तितकं ताठ होऊन वरून पाहिलं आणि तोटी अचानक त्या रेघांच्या वर्तुळातून सुटलेली एक लांब रेघ झाली. नक्षीतली सगळ्यात मोठी रेघ मातीचीच होती.

रेघ ओढताना हात थांबलेला नाही, हेही पाहण्यासारखं. कुंचला टेकला तिथं काळा दाट, उचलला तिथं विरळ. अशी रेघ पुसून पुन्हा काढता येत नाही. लाल लेपाचं अंग रंग लगेच शोषून घेतं.

हे करणारा माणूस कुठं राहत होता, त्याचाही अंदाज आपल्याला आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथं १९६८ ते १९८३ असं उत्खनन चाललं. तिथं कुंभाराची भट्टी सापडली आणि कारागिरांची घरं, म्हणजे कुंभाराचं, सोनाराचं, चुना भाजणाऱ्याचं, मुख्य वस्तीच्या पश्चिमेला कडेनं होती असं दिसून आलं. आजच्या भाषेत तो त्याचा स्टुडिओच. शेजारी सोनार, शेजारी चुनेवाला, म्हणजे तीन शेजारी तीन आगी राखणारे. कुणाच्या भट्टीचा वारा कसा वाहतो, ज्वाळेचा कोणता रंग म्हणजे किती ताप, याची बोलणी त्या कडेला होत असतील. स्फूर्तीचा उगम शोधायचा तर मला तो तिथं सापडतो, शेजारच्या आगीत.

याच इनामगावनं पुढची वेळही दाखवली. इसवी सनापूर्वी १००० ते ७०० या उत्तर काळात भांड्यांचा दर्जा घसरला आणि मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडं होत गेलं आणि शेती खालावली, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी केली. मला त्या उत्तरकाळातल्या खापरांचा राग येत नाही. माती निवळायला आठवडा लागतो, आणि तो आठवडा पोट भरलेलं असावं लागतं.

एकलहऱ्याला आगीची आठवण करून द्यावी लागत नाही. इथं २१० मेगावॉटचे संच कोळशावर चालतात आणि आपल्याकडच्या दगडी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. ती उडती राख सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर बारीक काचेचे गोळे दिसतात, भट्टीच्या तापात वितळून हवेतच गोठलेले. राखेचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेचा लेप, करायचं हा मोह इथल्या कुणालाही पडेल. मलाही पडला, आणि त्या वेळी कुंभारकलावंत निर्मला पटवर्धनांची आठवण झाली. शांतिनिकेतनात शिकून पुढं जर्मनी-इंग्लंडमध्ये काम केलेल्या या बाईंचं 'हँडबुक फॉर पॉटर्स' १९८४ साली आलं. ग्लेझच्या परदेशी पाककृती इथल्या कच्च्या मालावर जशाच्या तशा बसत नाहीत. मग फेल्डस्पार, चुना, भाताच्या तुसाची राख यांच्या थोड्याथोड्या फरकानं पट्ट्या भाजायच्या आणि वहीत नोंदवायच्या. बाहेरून हे काम स्वयंपाकघरातल्या मोजमापासारखं रूक्ष दिसतं. पण चिनी 'जुन' ग्लेझचा फिका निळा पाहा. त्यात निळा रंग मुळी घातलेलाच नसतो. काचेत काचेचेच अतिसूक्ष्म थेंब विलग होतात आणि प्रकाश विखुरतो, आकाश निळं दिसतं त्याच जातीचा हा निळा. निवणाऱ्या भट्टीत ते थेंब किती आणि केवढे राहतील, त्यावर रंग ठरतो. शेकडो पट्ट्या भाजणाऱ्या माणसाला हे आकाश हातात धरायचं असतं.

उडत्या राखेत वाळूचा आणि मातीचाच अंश फार, चुना कमी, त्यामुळे ती एकटी वितळत नाही, तिला फेल्डस्पार आणि चुना यांची सोबत लागते. शिवाय तिच्यात जड धातूंचे अंश असू शकतात, म्हणून खाण्यापिण्याच्या भांड्याला ती मी लावत नाही. दुसरा एक प्रयोग मात्र मला फार आवडून गेला. आपल्याकडची काळी माती स्टोनवेअरच्या, म्हणजे फार चढ्या, तापाला टिकत नाही, तिच्यातल्या लोहाने आणि चुन्याने ती वितळून जाते. भांडं म्हणून ती खचते. पण पांढऱ्या चिवट मातीच्या भांड्यावर तिचा पातळ लेप दिला, तर तीच वितळून गडद तपकिरी काच होते, कडेला मधासारखी, खोलगट जागी जवळजवळ काळी. जी माती अंग होऊ शकत नाही ती वस्त्र होते. जोर्वेच्या कुंभाराला हा ताप ठाऊक नव्हता. त्याचा लाल लेप वितळला नाही, मातीत मुरला. म्हणून त्याच्या भांड्याला चमक नाही आणि त्याची रेघ कोरडी, स्वच्छ राहिली. काचेखाली ती पसरली असती. त्या भांड्यावर ग्लेझची कल्पना मी करून पाहिली आहे, ते लगेच जड वाटू लागतं.

गेल्या पावसाळ्यानंतर माझं एक भांडं जोडावर न चिरता भट्टीतून निघालं. अंगणात उकिडवी बसून त्यात पाणी भरलं आणि कलवलं. धार चांगली पडली, तोंडातून थेंबही सांडला नाही. पण थांबवताना शेवटचं पाणी तोटीच्या खालच्या अंगानं मागं फिरलं आणि ओघळत पोटापर्यंत आलं, थेट कंगोऱ्यापर्यंत. तिथं मात्र थांबलं. कडेवर थेंब जमला, लोंबला आणि जमिनीवर पडला.

तोटीच्या टोकाची कड मी बोटानं गोल केली होती. धार तुटायला ती बहुधा तासलेली हवी. इतकी वर्षं मी तो जोड पाहिला, कोन पाहिला, रेघा पाहिल्या. त्या तोटीचं टोक खालून कसं आहे, हे एकदाही वाकून पाहिलेलं नाही. पुढच्या वेळी पुण्याला गेले की आधी तेच पाहायचं आहे.